कार्डिफ ते कोलोन, उजव्या बाजूने

कार्डिफच्या एका हॉस्पिटलात वैजयंती देवस्थळीने मिडवाइफ म्हणून एकतीस वर्षं काढली. तिच्या हातांवर जन्मलेली पोरं आता स्वतः आईबाप झाली होती आणि सुपरमार्केटमध्ये लांबून तिला हात करायची. बर्फ पडो नाहीतर संप असो, तिची ड्यूटी कधी चुकली नाही. पण जायची ती बसनेच. नव्याण्णव साली तिने दोनदा ड्रायव्हिंग टेस्ट दिली होती. दुसऱ्या खेपेला राउंडअबाउटच्या, म्हणजे चौकातल्या गोल वळशाच्या तोंडाशी ती जी थबकली ती थबकलीच. मागच्या लॉरीवाल्याने असा काही हॉर्न दाबला की परीक्षकानेच पुढे होऊन टेस्ट थांबवली. घरी येऊन तिने चावी नवऱ्याच्या हातात ठेवली आणि सांगितलं, "अहो, हे माझं काम नव्हे."

नवरा अंबरीश कौन्सिलात इंजिनिअर होता. वेल्समधले जुने दगडी पूल तपासणं हे त्याचं काम, आणि दगड हेच त्याचं वेड. रिटायर झाल्यावर गाडी घेऊन युरोपातली जुनी शहरं बघायची, हा बेत त्याने वीस वर्षं मनात घोळवला होता. विमान नको म्हणायचा. "विमानातून उतरलं की शहर एकदम अंगावर येतं. रस्त्याने गेलं की आधी लांबून मनोरा दिसतो, मग हळूहळू गाव उलगडतं. जुने लोक असेच पोचायचे." जेवणघराच्या भिंतीवर त्याने नकाशा लावला होता. त्यावर लाल पेन्सिलीची रेघ होती, बेल्जियममधल्या गेन्टहून जर्मनीतल्या कोलोनला आणि तिथून फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला.

सप्टेंबरात तो रिटायर झाला. जानेवारीत एके सकाळी म्हणाला, "वैजू, बाथरूमच्या टाइल्स वाकड्या बसवल्यात की काय गं?"

टाइल्स सरळच होत्या. अंबरीशच्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध, जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते, तिथे बिघाड झाला होता. इंजेक्शनं सुरू झाली. तरी उन्हाळ्यापर्यंत उजवा डोळा गेल्यातच जमा होता आणि डावाही भरवशाचा राहिला नव्हता. कडेकडेचं दिसायचं, नेमकं समोरचं धूसर. माणसाचा आकार कळायचा, चेहरा नाही. अंबरीशने आपणहून लायसन्स परत पाठवलं, भिंतीवरचा नकाशा काढला, घडी घातली आणि खणात टाकला.

"कोच टूरने जाऊ या," ती म्हणाली.

"चाळीस लोकांच्या घोळक्यात, गाइडच्या झेंड्यामागे? तो झेंडा तरी दिसायला हवा ना मला."

वैजयंतीने वाद घातला नाही. पुढच्या सोमवारी तिने ग्वेन नावाच्या ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईला फोन केला. वय विचारल्यावर एकसष्ट म्हणून सांगितलं, आणि टेस्ट लवकरात लवकर कधी मिळेल ते विचारलं.

शिकणं सोपं नव्हतं. ग्वेन तोंडाची फटकळ होती, पण माणूस जोखण्यात पटाईत. तिसऱ्या धड्याला तिने वैजयंतीला नेमकं राउंडअबाउटवर नेलं आणि म्हणाली, "तुझ्यासमोर एखादी बाई कळा देत असते, तेव्हा तू थांबून विचार करतेस का, की बघतेस आणि करतेस?"

"बघते आणि करते."

"मग बघ आणि कर."

त्या राउंडअबाउटला त्या दिवशी त्यांनी अकरा फेऱ्या मारल्या. मार्चमध्ये वैजयंती नापास झाली, कारण परीक्षकाच्या मते ती फारच सावकाश चालवत होती. मे महिन्यात पास झाली. कागद हातात घेऊन ती घरी आली, खणातून नकाशा काढला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला.

"सप्टेंबरात निघायचं," ती म्हणाली. "डाव्या डोळ्यात आहे तेवढं आहे, तोवर."

अंबरीशने नकाशाच्या घड्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "वैजू, तिकडे उजव्या बाजूने चालवतात."

"माहितीये."

केंब्रिजला संशोधन करणाऱ्या उर्वीने, त्यांच्या मुलीने, फोनवर आकाश डोक्यावर घेतलं. "आई, तुझी डोका फिरला का? यू पास्ड इन मे! तिकडे सगळा उलटा असते!"

"डोकं फिरलं का, असं म्हणतात," वैजयंती म्हणाली. "आणि नाही फिरलं."

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं निघाली. फोकस्टोनला गाडीसकट रेल्वेत चढली आणि समुद्राखालच्या बोगद्यातून पलीकडे फ्रान्समधल्या कॅलेला उतरली. तिकडच्या नियमाप्रमाणे मागे 'यूके'चा स्टिकर, समोरच्यांचे डोळे दिपू नयेत म्हणून हेडलाइटवर पट्ट्या, डिकीत लाल त्रिकोण आणि दोन चमकती जॅकिटं. स्टिअरिंगच्या वर वैजयंतीने चिठ्ठी चिकटवली होती, त्यावर मराठीत एकच शब्द होता, 'उजवीकडे'. पहिला तासभर तिची नजर रस्त्यावरून हलली नाही. अंबरीशला पाट्या वाचता येत नव्हत्या, पण वळणं त्याला तोंडपाठ होती. "आता डावीकडे समुद्र सुटेल. आता डंकर्क. आता सरळ."

गेन्टला मात्र घात झाला. उतरायच्या जागेची गल्ली अरुंद, समोरून सायकलींची रांग. वैजयंतीने गाडी जरा जास्तच कडेला घेतली आणि उभ्या असलेल्या व्हॅनला आपल्या गाडीचा बाजूचा आरसा घासला. काच तडकून खाली पडली. तिने इंजिन बंद केलं. व्हॅनवाला बाहेर आला, त्याने आपल्या गाडीवरून हात फिरवला, ओरखडाही नाही म्हणाला, आणि उलट तिला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी उर्वीचा फोन आला. "मी उद्या फ्लाइट घेते. मी चालवते पुढचा. प्लीज, आई."

वैजयंतीने खिडकीतून बाहेर पाहिलं. अंबरीश कालव्याच्या कठड्यावर बसून पाण्यातलं मनोऱ्यांचं प्रतिबिंब मान तिरकी करून बघत होता. सरळ पाहिलं की सगळं पुसलं जायचं, म्हणून तो हल्ली सगळं कडेने बघायला शिकला होता.

"नको," ती म्हणाली. "आरसा उद्या दहाला बसतोय. अकराला आम्ही निघू."

आणि निघाली. कोलोनच्या वाटेवर मोटरवेवर गाड्या वाऱ्यासारख्या उडत होत्या. कुणी मागून दिवे मारले तरी वैजयंती आपल्या लेनमध्ये, आपल्या वेगाने चालत राहिली. शहर जवळ आलं तेव्हा क्षितिजावर तिथल्या कॅथीड्रलचे, म्हणजे मुख्य चर्चचे, दोन काळपट सुळके दिसले. तिने गाडी विश्रांतीच्या जागेत घेतली आणि अंबरीशला उतरवलं.

"दिसतंय?"

त्याने मान तिरकी केली. "दिसतंय. दोन आहेत ना? वैजू, दोन आहेत!"

पण जवळ गेल्यावर सगळं बिनसलं. कोलोनच्या कॅथीड्रलसमोर उभं राहून त्याने वर पाहिलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. दगडावरचं सगळं कोरीवकाम त्याच्या नजरेत राखाडी चिखल झालं होतं. वीस वर्षं फोटोंत बघितलेले पुतळे, जाळ्या, पानं-फुलं, काहीच उमटेना.

"चल, घरी जाऊ," तो म्हणाला. आवाज कोरडा होता. "उगाच आणलंस मला. भिंत बघायला एवढं लांब कशाला यायचं?"

लेबर वॉर्डमध्ये दमलेल्या बायका पण असंच म्हणायच्या, आता नाही होत, मला घरी जाऊ दे. अशा वेळी समजूत घालत बसायचं नसतं, हाताला काहीतरी द्यायचं असतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. चौकात एका ओट्यावर त्याच कॅथीड्रलची ब्राँझची छोटी प्रतिकृती होती, शाळेतली पोरं तिच्यावर हात फिरवत होती. तिने अंबरीशला दंडाला धरून तिथे नेलं आणि त्याचे दोन्ही हात ब्राँझवर ठेवले.

"हे काय?"

"तुम्हीच सांगा."

आधी तो नुसता उभा राहिला. मग बोटं चालायला लागली. मनोऱ्यांवरून छपरावर, छपरावरून बाजूला उतरली आणि थांबली. "अगं, हे बघ," तो म्हणाला. आता आवाज वेगळाच होता, पुलाखाली उभं राहून ज्युनिअर इंजिनिअरांना समजावतानाचा. "छपराचं वजन भिंतीला बाहेर ढकलतं. मग या कमानी बाहेरून टेकू देतात. इथून वजन इथे, इथून खाली जमिनीत. म्हणून तर भिंतीत एवढ्या खिडक्या घालता आल्या. बोट ठेव इथे."

तिने बोट ठेवलं. मग मान वर करून खऱ्या इमारतीकडे पाहिलं आणि त्या कमानी तिला आयुष्यात पहिल्यांदा दिसल्या. मघापासून तिलाही ती नुसती भिंतच दिसत होती.

"आत जाऊ," ती म्हणाली. "मी काय दिसतं ते सांगेन, तुम्ही ते का आहे ते सांगा."

तीन तास दोघं आत होती. ती सांगायची, खांब जाड आहेत, मधूनच बारीक खांबांची जुडगी आहे. तो सांगायचा, जुडगी कुठे फुटते बघ, तिथून वरची कमान निघते. पुढे स्ट्रासबर्गला साडेबाराच्या ठोक्याला तिथल्या चर्चमधल्या भल्यामोठ्या घड्याळातले बारा संत एकेक करून पुढे सरकले, आणि ते तिने त्याच्या कानात मोजले. शेवटी घड्याळावरचा यांत्रिक कोंबडा आरवला तेव्हा तो लहान मुलासारखा हसला, कारण ते त्याला स्वतःला ऐकू आलं होतं.

सोळाव्या दिवशी दोघं फोकस्टोनला परतली. रेल्वेतून उतरताच वैजयंती सवयीने उजवीकडे वळली आणि "डावीकडे गं बाई, डावीकडे!" असं अंबरीश ओरडला. कार्डिफच्या घरी उर्वी दारातच उभी होती. तिने आईला मिठी मारली आणि आधी आरसा तपासला.

पुढच्या वसंतात अंबरीशचा डावा डोळाही गेला. तसं होणार हे दोघांना ठाऊक होतं, तरी तो महिना जड गेला. मग वैजयंतीने नजर गेलेल्या लोकांच्या स्थानिक क्लबात ड्रायव्हर म्हणून आपलं नाव घातलं. आता ती महिन्यातून एका गुरुवारी त्यातल्या तिघांना गाडीत घेऊन जुन्या चर्चला, किल्ल्याला, पुलाला नेते. पुढच्या सीटवर अंबरीश असतो. परवा सगळे ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलला गेले होते. डेरिक नावाच्या म्हाताऱ्याचा हात खांबावर ठेवून अंबरीश त्याला वजन कुठून कुठे जातं ते समजावत होता, आणि वैजयंती गाडी लावायला जागा शोधत तिसऱ्यांदा चक्कर मारत होती.