नऊ नंबरची चावी

आमच्या घरात भुताला मनाई होती. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीला गेले आणि त्यांच्या मागोमाग भुतंही गेली, असं आबा, म्हणजे माझे वडील, सांगायचे. कुणी चिंचेवरच्या बाईबद्दल कुजबुजू लागलं की ते म्हणायचे, "मी रोज रात्री हिंडतो. मला कशी कंदी भेटली न्हाई ती?" हा त्यांचा हुकमाचा एक्का होता. त्यावर कुणाला बोलता येत नसे.

आबा साखर कारखान्यात वॉचमन होते. कातडी पिशवीत घातलेलं एक जाडजूड घड्याळ त्यांच्या खांद्याला असायचं. कारखान्यात ठरावीक जागी लोखंडी चाव्या साखळीनं बांधलेल्या होत्या आणि प्रत्येक चावीला नंबर होता. फेरी मारताना ती चावी घड्याळात घालून फिरवली की आतल्या कागदी पट्टीवर नंबर आणि वेळ उमटायची. सकाळी सुरक्षा अधिकारी, आमचे साहेब, घड्याळ उघडून पट्टी काढून घ्यायचे. मी आकडे शिकले ते आबांच्या या फेरीवर. एक गेट, दोन वजनकाटा, तीन ऊस टाकायची गव्हाण, असं म्हणत आठ मळीची टाकी, नऊ जुनी विहीर आणि तसंच पुढं. नऊची चावी हट्टी होती. एकदा फिरवून तिचा ठसा उमटेल याची खात्री नसायची, म्हणून आबा ती दोनदा फिरवायचे. घरातलं कुलूपसुद्धा ते दोनदा ओढून बघायचे, आणि आई त्यावरून त्यांना चिडवायची.

एका थंडीत आबा कामावरच गेले. केबिनजवळच्या शेकोटीपाशी घोंगडी पांघरून पडलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पट्टीवर आठपर्यंत ठसे होते, नऊ नव्हता. साहेबांनी चौकशीत लिहिलं की फेरी अर्धवट सोडून शेकोटीपाशी झोपला होता. कॉलनीतल्या बायका आईला म्हणायच्या, "भाग्याचा गं, झोपंत गेला," आणि आई तोंड फिरवून घ्यायची. तिला नवरा गेल्याचं दुःख होतंच, पण तो डुटी सोडून झोपला हे तिला गिळवत नव्हतं. ती घोंगडी तिनं गुंडाळून माळ्यावर फेकली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. कडाक्याच्या थंडीतही नाही.

त्याच सुमारास विहिरीवरची साखळी तुटलेली आढळली, चावी गायब. मागच्या बाजूला जायला आधीच कुणी राजी नव्हतं. तो पॉइंट बंदच करून टाकला.

मी कॉमर्स करत होते, ते सोडून आबांच्या जागी अनुकंपावर लागले. वॉचमन म्हणून नाही, सुरक्षा ऑफिसात टायपिंगला. "झोपलेल्याच्या पोरीला घेतलं, बघा आमचं मन," असं साहेब एकदा माझ्यासमोरच कुणाला तरी म्हणाले. रागानं माझे कान तापले, पण पगाराकडे बघून मी मान खाली घातली.

पुढं ऑफिसात कॉम्प्युटर आला. बसवायला नगरहून आलेल्या माणसानं मला समजावलं, "पट्टीला फक्त नंबर आणि वेळ कळते. जागांची नावं वेगळ्या फाइलीत ठेवायची. तुम्ही नंबर टाका, मशीन त्या फाइलीत बघून पुढं नाव लिहील." साहेबांनी चालू पॉइंट सांगितले, मी टाकत गेले. आठनंतर त्यांनी एकदम दहा म्हटलं. नऊ माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला आणि दहा टाइप केलं.

तोवर रोजची पट्टी कुणी नीट वाचत नसे. साहेब ती उजेडाला धरायचे, ठसे भरपूर दिसले की खुंटीला अडकवायचे. आता मात्र एकेक नंबर मशीनसमोर उभा राहणार होता.

गळीत हंगाम सुरू झाला आणि एके सकाळी प्रिंटर खरखरत असताना माझी नजर एका जागी अडली. प्रत्येक ओळीला नाव आलं होतं, गेट, काटा, गव्हाण. मधल्या दोन ओळींपुढं मात्र "नोंद नाही" असं होतं. दोन्ही ओळींवर नंबर नऊ होता. एकाखाली एक, लागोपाठ.

माझीच टायपिंगची चूक असणार म्हणून पट्टी खिडकीशी नेली. ठसे स्पष्ट होते. बाहेर लख्ख ऊन होतं, गव्हाणीवर मोळ्या पडत होत्या, मळीचा आंबूस वास नेहमीसारखा येत होता, आणि मी ती पट्टी उलटसुलट करून बघत होते. जी जागा फाइलीत नाही आणि जिची चावी कारखान्यात नाही, तिथं कुणीतरी जाऊन आलं होतं. आणि जाऊन आलेल्यानं चावी दोनदा फिरवली होती.

त्या आठवड्यात ते पुन्हा आलं, दर वेळी जोडीनंच. मशीन बिचारं दर वेळी फाइल धुंडाळून यायचं आणि नोंद नाही म्हणायचं. त्याला ठाऊक नसलेली फाइल माझ्या डोक्यात होती, आबांच्या आवाजात. मी कुणाला काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची, आणि ज्या सकाळी नऊ यायचा नाही त्या सकाळी चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. राहिलेली फेरी आबा पुरी करतायत असं मनात यायचं. मग आमच्या घरात भूत नसतं हे आठवून मी स्वतःवरच चिडायचे.

शेवटी साहेबांच्या नजरेला ते पडलंच. "कुणीतरी बोगस चावी करून बसल्या जागी ठसे मारतोय," ते म्हणाले. "कोण ते शोध. सापडला की घरी पाठवतो."

पट्टीवर माणसाचं नाव नसतं. कुठलं घड्याळ कुणाकडं होतं ते टाइम ऑफिसच्या ड्युटी चार्टवरून कळतं. मी तो चार्ट आणला, त्याची आणखी एक फाइल केली आणि ती पट्ट्यांना जोडली. जिथं जिथं नऊ, तिथं तिथं एकच नाव उमटलं. आबांच्या रात्रपाळीतल्या जोडीदाराचं.

या काकांना मी लहानपणापासून ओळखत होते. जामखेडकडचे, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आले आणि इथंच चिकटले. आमच्याकडं जेवल्याशिवाय त्यांचा सण जायचा नाही. आबा गेल्याचा निरोप त्यांनीच आणला, आणि त्यानंतर ते आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. खरं तर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण आला तो संताप, की नऊ आबांचा नव्हता.

कागद साहेबांना न देता मी दुपारी ऊसगाड्यांच्या तळावर गेले. काका बाभळीखाली बसले होते. कागद पुढं धरून मी विचारलं, "काका, नऊ नंबर तुमच्याकडं कसा?"

त्यांनी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. कमरेच्या करगोट्याला बांधलेली चावी सोडून माझ्या तळहातावर ठेवली. तिला साखळीचा तुकडा अजून लोंबत होता.

"तुज्या बापाच्या मुठीत हुती," ते म्हणाले. "हिरीवर दोघांनी जायाचं, असा नेम हाय. म्या म्हनलं, गार लई हाय, तूच ये जाऊन. लई येळ झाला म्हनून गेलो, तर घड्याळ पिशवीतनं भायेर काढल्यालं आन हा आडवा. चावी घालायच्या आधीच गेल्ता. मूठ सुटंना, साखळी तोडली, जिता आसंल म्हनून पाठीवर घेतला, शेकोटीपाशी आनला, घोंगडी टाकली. मंग साहेब आलं. शेकोटीपाशी झोपला म्हनलं. म्या गप ऱ्हायलो. बोललो आसतो तर मला इचारलं आसतं, तू कुटं हुतास."

"आणि माझी आई? तिला काय वाटत असंल याचा इचार केला का तुमी?" मी ओरडलेच. गाडीवान वळून बघू लागले.

"रोज केला," ते म्हणाले. "म्हनून तर हिरीवर जाऊन फिरवायचो, पोरी. त्याचा नऊ ऱ्हायला हुता."

मग ते उठले, धोतर झटकलं आणि माझ्यापुढं चालत साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, तरी सगळं सांगितलं. साहेबांनी त्यांना तिथल्या तिथं कामावरून कमी केलं. पण आबांच्या कागदावरचा शेरा खोडला आणि वर लिहिलं, कर्तव्यावर असताना मृत्यू. खाली सही केली. मला म्हणाले, "नऊपुढं जुनी विहीर टाक." मी टाकलं. सगळे रिपोर्ट पुन्हा छापले आणि प्रत्येक "नोंद नाही"च्या जागी विहीर आली.

काका वळकटी घेऊन निघाले तेव्हा मी गेटपर्यंत गेले. राग गेला नव्हता, पण त्यांना एकट्याला जाऊ देववेना. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आबांसारखीच दोनदा फिरवायचात तुमी."

काका थांबले. "दोनदा? न्हाई गं. तितं उभं ऱ्हायाचा धीर कुनाला हाय? येकदा फिरवायचो आन मागं न बघता सुटायचो."

एस.टी. आली. ते चढले. मी उन्हात उभी होते आणि माझे दात वाजत होते.

घरी आईला मी सगळं सांगितलं, एवढं एक सोडून. ती निवडायचं सूप मांडीवर घेऊन ऐकत होती. बराच वेळ रडली, मग नाक पुसलं आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "कागदावर नऊ येकदा येतो का दोनदा?"

"दोनदा," म्हटलं.

"वाटलंच."

"आई, काका तर म्हणतात…"

"भूत न्हवं ते," ती मला तोडून म्हणाली. "डुटी हुती त्याची."

मग तिनं स्टूल ओढलं, माळ्यावरून घोंगडी खाली काढली, अंगणात नेऊन झटकली, आणि त्या रात्री ती पांघरून झोपली.