घळीच्या तोंडाशी घेतलेला निरोप

मी मुळातच संशयी. सिंगापूरमधल्या आमच्या जुरोंग ईस्टच्या फ्लॅटची बेल वाजली, तर बाहेरच्या लोखंडी जाळीचं कुलूप न काढता आधी आतूनच चार प्रश्न विचारणार. देवाच्या बाबतीतही माझं तेच. सासूबाई रोज सकाळी कॉरिडॉरमधल्या तुळशीला पाणी घालून दत्ताचं नाव घेत बसायच्या. मी त्यांना चहा नेऊन द्यायचे आणि मनात म्हणायचे, बसा, ऐकायला तिथे कुणी असेल तर. त्यामुळे पुढची हकीकत मी सांगते आहे, याचं मला स्वतःलाच नवल वाटतं.

२०१५ सालची सप्टेंबरची शाळेची सुट्टी होती. माझा नवरा निनाद जुरोंग आयलंडवर इंजिनियर. त्याला कंपनीने ट्रेनिंगसाठी अमेरिकेत पाठवलं, आणि मी, नऊ वर्षांची ईरा आणि सासूबाई मागोमाग गेलो. ट्रेनिंग संपल्यावर युटाच्या वाळवंटातल्या घळी बघायचं ठरलं. तिकडे त्यांना स्लॉट कॅन्यन म्हणतात. पाण्याने लाल खडक कापून झालेली चिंचोळी फट, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढीच, आणि वर आभाळाची एक चीर. सकाळी जायचं, दुपारी जेवायला परत, असा साधा बेत होता.

गाडी लावली तिथे दुसऱ्या एका गाडीच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर एक चिनी आजोबा बसले होते. ईराला टोपी घालायला सांगितलं तर ती फणकारली, "कॅनॉट लाह, सो हॉट!" ते सिंगापुरी 'लाह' ऐकून आजोबा ताडकन उठलेच. "यू ऑल फ्रॉम सिंगापूर, आह? व्हेअर यू स्टे?" सासूबाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लगेच पत्ताच सांगून टाकला. तर म्हणे तेही जुरोंगचेच! माझ्या मनात पाल चुकचुकली. पृथ्वीच्या या टोकाला, निर्मनुष्य वाळवंटात, नेमका जुरोंगचा माणूस? मुलगा-सून लांबच्या वाटेने फिरायला गेलीत, गुडघ्यांमुळे आपण मागे थांबलो, असं ते सांगत होते. मला एक शब्द खरा वाटला नाही. आपण आत गेलो की हा गाडी फोडणार, असं ठरवून मी सगळ्यांचे पासपोर्ट आणि निनादचा लॅपटॉप सॅकमध्ये कोंबला. जागा होईना म्हणून पाण्याच्या दोन बाटल्या काढून गाडीत ठेवल्या. निघताना सासूबाई त्या आजोबांना हात हलवून काहीतरी म्हणाल्या. ते हसून मान डोलावत राहिले, आणि मला त्या हसण्याचाही संशय आला.

आत मात्र छान गारवा होता. वळणांमागून वळणं घेत आम्ही बरेच आत गेलो. एका ठिकाणी माणसापेक्षा उंच उतार होता, तो आम्ही हसत घसरगुंडीसारखा उतरलो. पुढे मोठ्या दगडांनी वाट बुजली होती, म्हणून मागे फिरलो, आणि तेव्हा कळलं की घसरून आलो तो खडक चढता येत नाही. धरायला कुठे खाच नाही, सगळं गुळगुळीत. निनादने दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा पडला तो मनगटावर, आणि बघता बघता मनगट सुजलं. फोनला नेटवर्क नव्हतं. पाणी संपलं होतं, माझ्या शहाणपणामुळे. वरची आभाळाची चीर काळवंडायला लागली तेव्हा निनाद मला हळूच म्हणाला, "पाऊस लांब कुठेही पडला तरी लोंढा इथूनच जातो. बाहेर फलकावर लिहिलं होतं."

सासूबाई एका दगडावर डोळे मिटून बसल्या होत्या. ओठ हलत होते. मला इतका राग आला! म्हटलं, "आई, आता ओरडा. जप नंतर करा." त्या शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही चाललंय गं."

किती वेळ गेला कोण जाणे. मग वरून कुठूनतरी हाक आली. "आंटी! आंटी, आह!" आवाज मी ओळखला. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हा आपल्या मागावर आला. मी चक्क ईराच्या तोंडावर हात ठेवला. सासूबाईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि घरात कुणी हाक मारल्यावर द्यावी तशी खणखणीत "ओऽऽ" दिली.

आजोबांबरोबर त्यांचा मुलगा होता, आणि त्याच्या हातात गाडी ओढायचा जाड दोर. ईरा वर गेली, निनादच्या खांद्यावर पाय देऊन सासूबाई गेल्या. माझी पाळी आली तेव्हा निनादच्या खांद्यावर उभ्या असलेल्या माझा एक हात दोराला होता आणि दुसऱ्याने खडकाची वरची कड धरलेली. ती काही सुटेना. आजोबा पोटावर आडवे झाले, हात खाली केला. "लेट गो लाह. आय होल्ड यू." ज्याच्या भीतीने पाणी टाकून पासपोर्ट घेतले, त्याच्या हातात जीव द्यायचा होता. कसा ते सांगता येत नाही, पण हात सुटला. त्यांनी धरलं. शेवटी निनादला काखेखालून दोर बांधून सगळ्यांनी मिळून ओढलं.

आम्ही गाड्यांपाशी पोचतोय तोच मागे खळखळ ऐकू आली. घळीच्या तोंडातून लाल, गढूळ पाणी काटक्या घेऊन बाहेर पडत होतं. ईरा माझ्या कमरेला घट्ट बिलगली.

आजोबांचा मुलगा जरा वैतागलेलाच होता. आम्ही केव्हाच निघणार होतो, म्हणाला, पण पा, म्हणजे त्याचे वडील, गाडीत बसायलाच तयार नव्हते. मी आजोबांना विचारलं, का थांबलात? त्यांना माझा प्रश्नच कळेना. "आंटी से, आय कम. आय से ओके, आय वेट. शी नेव्हर कम, सो आय गो फाइंड, लोर."

सासूबाई निरोप घेताना इंग्रजीत 'येते हं' म्हणाल्या होत्या! आपल्याकडे उंबऱ्याबाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही, ही सवय त्यांनी वाळवंटातही सोडली नव्हती. आजोबांनी तो दिलेला शब्द समजून पाळला. निनादला हसू फुटलं आणि हसता हसता तो रडायला लागला. मग मीही रडले, त्या परक्या माणसाचे दोन्ही हात धरून.

संध्याकाळी मोटेलमध्ये सासूबाईंना विचारलं, "दत्तगुरूंनी पाठवलं का हो त्यांना?" निनादच्या मनगटाला पट्टी बांधत त्या म्हणाल्या, "मला काय ठाऊक बाई. मी आपला निरोप घेतला."

योगायोग म्हणायचा तर म्हणा, मी भांडणार नाही. स्वतःच्या हुशारीवर मी जे जे केलं, त्यातलं काहीच त्या दिवशी कामी आलं नाही, एवढं खरं. माझा विश्वास नसतानाही कुणीतरी आमची वाट बघत बसला होता. देवाबद्दल मला ठाऊक आहे ते इतकंच, आणि तेवढ्यावर माझे हात जोडले जातात.