शेंगदाण्याच्या दुधाचा एजंट

सावली गावात माझं किराण्याचं दुकान होतं. एका हिवाळ्यात नागपूरच्या एका कंपनीचा माणूस दर बाजाराच्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. कंपनीनं शेंगदाण्याच्या दुधाची पावडर काढली होती, आणि ती आमच्या भागात खपेल का, हे तो पाहत होता. समोरच्याच्या तोंडाकडे तो आधी बघायचाच नाही, पायांकडे बघायचा. चप्पल दिसली की, "या भाऊ, बसा," म्हणून कपभर दूध द्यायचा. अनवाणी माणसाला अर्धाच कप मिळायचा, आणि तो माणूस वळला की एजंट मला हळूच सांगायचा, "हे आपलं गिऱ्हाईक नाही."

एकदा जंगलाकडच्या गावची एक बाई कडेवर पोर घेऊन आली. पोराच्या बरगड्या दिसत होत्या. एजंटनं दिलेला अर्धा कप त्यानं घटाघटा संपवला.

"याले अजून थोडं द्या ना भाऊ," बाई म्हणाली. "सकाळपासून काई खाल्लं नाई यानं."

"विकत घेशील का?"

बाईनं रिकामा कप खाली ठेवला. बाजार उठत आला होता. एजंटनं उरलेलं दूध तिच्यासमोर नालीत ओतलं आणि रुमालानं भांडं पुसलं.

"काऊन फेकलं?" मी विचारलं.

"उद्यापर्यंत नासलंच असतं."

मी त्याची पावडरची पेटी उचलून रस्त्यावर ठेवली. "तुमी पुन्हा इथी येऊ नका."

पुढच्या बाजाराला तो समोरच्या दुकानाच्या ओट्यावर बसला होता. मला बघून त्यानं हसत हात जोडले. त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं.