आई, कोळीण आणि मधला मी

आईला ऐकू येईनासं झालं, तेव्हापासून दारावर येणाऱ्या कोळणीचं बोलणं मी तिला सांगू लागलो. आई पडवीत झोपाळ्यावर, कोळीण पायरीवर पाटी उतरवून बसलेली आणि मी मध्ये. कोळीण बरंच काही बोलायची. मी आईच्या कानाशी वाकून ओरडायचो, "बोंबील आहेत. ताजे आहेत." आई मान हलवायची. एवढ्यावर मी स्वतःला चांगला मुलगा समजत होतो.

कानातलं यंत्र आईने कपाटात टाकलं होतं. त्यात माणसांपेक्षा माडाच्या झावळ्याच जास्त बोलतात, असं ती म्हणायची. मी नोकरीत कंट्रोलर बोर्डांचे प्रोग्रॅम लिहितो. म्हणून ठरवलं, पायरीजवळ माइक, आईला हेडफोन आणि मध्ये एक लहानसा प्रोसेसर, जो वाऱ्याचा आवाज गाळून टाकील.

पहिला प्रयत्न फसला. माइकमधून येणारा आवाजाचा एकेक तुकडा प्रोसेसर स्वतः उचलून मेमरीत ठेवत होता. त्या हमालीतून वारा गाळायला त्याला फुरसतच मिळेना. शब्द तुटून येऊ लागले. आईने हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

"तुझ्यासारखंच आहे हे. अर्धंच सांगतं."

ते मला लागलं. मी चिपचं माहितीपत्रक पुन्हा उघडलं. त्यात डीएमए नावाचा एक वेगळा भाग होता, ज्याच्या वाटेला मी आजवर गेलो नव्हतो. कुठून उचलायचं, कुठे ठेवायचं आणि किती, एवढं त्याला सांगून ठेवलं की तो प्रोसेसरला मध्ये न घेता आवाज थेट मेमरीत नेऊन ठेवतो. अर्धी जागा भरली की तसा निरोप देतो. प्रोसेसरने तो अर्धा भाग गाळायला घ्यावा, तोवर हा उरलेला अर्धा भरत राहतो.

तरी खरखर येतच राहिली. चूक माझीच होती. निरोपाची वाट न पाहता, अजून भरत असलेल्या भागातच मी हात घालत होतो, त्यामुळे जुना आणि नवा आवाज एकमेकांत मिसळत होता. थांबायला शिकलो आणि आवाज स्वच्छ झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळीण आली.

"काय गो वयनी, कानाला काय लावलंस? पोराने रेडिओ दिला का?"

"तुझी बडबड ऐकायला लावलंय," आई म्हणाली.

कोळीण आधी दचकली, मग खो खो हसली. "बरा झाला! हा तुजा पोरगा म्हंजे! मी इचारते वयनीचा गुडगा कसा हाय, आन हा वरडतो, बोंबील ताजे!"

आईने माझ्याकडे पाहिलं. मला खाली बघावंसं वाटलं. रोज ती बाई तिच्या गुडघ्याची चौकशी करायची आणि मी ती मधल्या मध्ये गाळत होतो, वाऱ्यासारखी. वेळ वाचावा म्हणून.

"गुडघा दुखतोच गं," आई तिला म्हणाली. "पण परवाची तुझी सुरमई त्याहून जास्त दुखली. शिळी होती मेली."

"शिळी? देवाशपथ न्हाय!"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"तू आत जा," आई म्हणाली. "हिच्यासाठी चहा टाक. काम झालं की मी हाक मारीन."

मी चहा टाकला. पडवीतून दोघींचं भांडण, मग हसणं ऐकू येत होतं. दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरलो. हाक अजून आली नव्हती.