दाणा, दाणा, चिंचोका

आमचे नरहरकाका जन्मात एकदाच खोटं बोलले, आणि तेही शार्दूलविक्रीडित वृत्ताबद्दल. आता ज्याला वृत्ताचं काही ठाऊक न्हाई तो म्हणेल, हात्तिच्या, त्यात काय एवढं! पण त्या एका खोट्यापायी काकांनी सात वर्षं एक ओळ रचली न्हाई. आणि ते खोटं माझ्यापायी होतं. म्हणून सांगते, मधे बोलू नका.

काका जालन्याच्या स्टेशनात तारबाबू होते. निजामाच्या अमलातले दिवस, घर आमचं मस्तगडात. मी दोन वर्षांची असताना तापाच्या साथीत माझे आईबाप एका आठवड्यात गेले. काका आणि ताराकाकूंना मूलबाळ न्हाई, त्यांनी मला तीर्थपुरीहून उचलून आणलं. काका अंगानं काडी आणि स्वभावानं भित्रे. साहेब नुसता खाकरला तरी खुर्चीतून उठायचे. पण तारेत त्यांची एक चूक कुणी दाखवावी! तारेच्या यंत्राचा एक आवाज आखूड, एक लांब. आखुडाच्या जागी लांब पडला की शब्दच दुसरा होतो. "एखाद्याच्या घरी रडारड व्हायची आपल्या बोटापायी," असं म्हणायचे.

आणि ड्यूटी संपली की मंगलाष्टकं. जालन्यापासून बदनापूरपर्यंत कुणाच्याही घरी लग्न निघालं, की वधूवरांची नावं घेऊन माणूस आमच्या ओट्यावर हजर. काका नारळ घ्यायचे आणि पहिल्या पंगतीत एक पाट. बास, बाकी काही न्हाई.

शाळेत तेव्हा सगळं उर्दूत, आणि पोरींना तर तीही शाळा न्हाई. मला जे काही आलं ते त्या ओट्यावर. काकांनी एका वाटीत जोंधळ्याचे दाणे ठेवले होते, दुसऱ्या वाटीत चिंचोके. "हे बघ चतुरे, आखूड अक्षर म्हणजे लघू, त्याला दाणा. लांब अक्षर म्हणजे गुरू, त्याला चिंचोका. कवितेची ओळ म्हणजे चरण. कुठल्या चरणात दाणे-चिंचोके कसे मांडायचे, ते ज्यानं ठरतं ते वृत्त." शार्दूलविक्रीडितात एका चरणात एकोणीस. आधी तीन चिंचोके, मंग दोन दाणे, असं चालत चालत बाराव्याशी यायचं आणि थांबायचं. त्या थांब्याला यती म्हणतात. "यतीवर शब्द मधेच तोडायचा न्हाई. जेवत्या माणसाचं ताट ओढल्यासारखं होतं ते." आणि चरणाच्या शेवटी जुळणारे आवाज आले की ते यमक. "उर्दूवाले त्यालाच काफिया म्हणतात. माल एकच, दुकानं दोन."

मला तर नाद लागला. दिसेल त्या माणसाचं नाव मांडायची. तारा, दोन चिंचोके. चतुरा, दाणा दाणा चिंचोका. स्टेशनवरचा हमाल कचरू, तोही दाणा दाणा चिंचोका. मी आणि कचरू हमाल एका मापाचे, ह्याचं मला फार दिवस वाईट वाटलं.

गंमत म्हणजे काकांचं स्वतःचं नाव त्यांच्या लाडक्या वृत्तात बसत न्हाई. नरहर, चार दाणे ओळीनं. शार्दूलविक्रीडितात तीनच्या वर दाणे सलग येत न्हाईत. लोक म्हणायचे, "अहो, नरहरी करा की! शेवटी एक वेलांटी, बराबर बसेल." काका कान धरायचे. "आईबापानं ठेवलेलं नाव ते. ओळ वाकवा, नाव वाकवायचं न्हाई." म्हणून शेकड्यानं मंगलाष्टकं रचली, पण खाली कवीचं नाव एकातही न्हाई.

माझं नाव माझ्या आईनं ठेवलं होतं. तिचं दुसरं काहीच माझ्याकडं न्हाई, ना फोटो, ना लुगडं. हे नाव आणि तिनं जात्यावर रचलेली एक ओवी, जी काकूला पाठ होती:

चतुरा माझी बाळी । केस कुरळे भाळी ।
हाकारते सांजवेळी । ओ दे बाई ॥

काकांनी मला ओवी ह्याच ओवीवर शिकवली. पहिले तीन चरण यमकानं बांधलेले, चौथा आखूड. साडेतीन चरण. मी विचारलं, "चौथा अर्धाच का?" काका म्हणाले, "व्याकरणात काय सांगितलंय ते सोड. मला वाटतं उरलेला अर्धा ऐकणाऱ्यानं भरायचा असतो. आईनं हाक मारली, आता ओ तू द्यायची." मी तेव्हा सात-आठ वर्षांची. ओट्यावर बसून मोठ्यानं "ओ" म्हटल्याचं अजून आठवतं, आणि काकू आत डोळे पुसत होती.

पंधराव्या वर्षी माझं लग्न ठरलं. बदनापूरचं स्थळ, मुलगा वामन, शाळेत मास्तर. घरी सासरे, आणि सासूबाई द्वारकाबाई. सासूबाईंना अक्षरओळख न्हाई, पण घर त्यांच्या भुवईवर चालायचं. याद्या झाल्या आणि पाठोपाठ निरोप आला: 'मुलीचं नाव आमच्याकडे सरोजिनी ठेवणार. मंगलाष्टकात तेच यावं.'

त्या काळी रीतच होती ती. ताम्हनात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, आणि पोरीचं जुनं नाव त्या तांदळासोबत गोळा होऊन जायचं. कुणी रडत न्हाई त्याला. मीही रडले नसते कदाचित. पण काकांनी काय केलं बघा! निरोप वाचला आणि हरखले. वाटीत हात घालून मांडायला लागले, "स-रो-जि-नी. दाणा चिंचोका दाणा चिंचोका! अगं, पाचव्या जागेवर अलगद बसतंय, सोन्याच्या कोंदणात खडा बसावा तसं!" तासाभरात चरण तयार:

शोभे आज सरोजिनी सुवदना, येऊन या मंडपी

उरलेले तीन चरणही झाले, आणि सुवाच्य अक्षरात लिहून तो कागद त्याच दुपारी पॅसेंजरच्या गार्डाच्या हाती बदनापूरला रवाना. मला ऐकवलं ते कागद गेल्यावर.

माझं डोकं असं फिरलं म्हणता! मी दोन दिवस जेवले न्हाई. तिसऱ्या दिवशी काका ओट्यावर आले तेव्हा मी त्यांच्यासमोर फरशीवर तीन वस्तू मांडल्या. दाणा, दाणा, चिंचोका.

"हे बसत न्हाई का तुमच्या वृत्तात?"

"बसतं गं. बसायचा प्रश्न न्हाई..."

"मंग? स्वतःच्या नावाला साधी वेलांटी लावू देत न्हाई तुम्ही. आणि माझं अख्खं नाव उचलून फेकलं, तेही खुशीत! माझ्या आईनं हाक मारली तर ओ द्यायला कोण उरणार, सरोजिनी?"

काका एकदम खाली बसले.  मंग म्हणाले, "निरोप आलाय पोरी. कागद गेलाय. ऐन मंडपात बिनसलं तर तुझं कसं होईल?" आणि जेवण न करता ड्यूटीवर निघून गेले. मला वाटलं, संपलं. भित्र्या माणसाकडून काय अपेक्षा करायची.

लग्नाच्या दिवशी अंतरपाटामागं मी मान खाली घालून उभी. भटजींची अष्टकं झाली, मंग काका पुढं सरकले. कागद हातात न्हाई. आवाज आधी चिरकला, मंग लागला:

लाडाची पुतणी सुशील चतुरा...

आणि थांबले. यती! बाराव्या अक्षराशी बराबर. सगळा मांडव त्या नावावर थांबला, मंग काकांनी पुढचं म्हटलं, "आली पहा मंडपी." दुसरा चरण, पुन्हा यतीच्या आधी चतुरा. तिसरा, चौथा, तसंच. असं ठेवलं होतं माझं नाव की श्वास घ्यायचा तर ते म्हणूनच घ्यावा लागायचा. शेवटी शेवटी मागच्या बायका थांब्याला काकांसोबत 'चतुरा' म्हणायला लागल्या. मी अंतरपाटामागं ढसाढसा रडले. बाकी 'सुशील' हा शब्द निव्वळ मापासाठी घातलेला, ते आमच्या घरात सगळ्यांना कळलं.

अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, आणि सासूबाई काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"व्याहीबुवा, सरोजिनी ठरलं होतं."

 काकांनी हात जोडले. 

"खूप केलं, विहीणबाई. पण सरोजिनी हे नाव वृत्तात बसत न्हाई."

मी चमकून वर पाहिलं. दाणा चिंचोका दाणा चिंचोका! कोंदणातला खडा! सासूबाईंची नजर काकांवरून हलेना.

"न्हाई बसत?"

"बिलकुल न्हाई."

 सासूबाई पदर सावरून म्हणाल्या, "शास्त्रातच बसत न्हाई म्हणता, तर आपण काय करणार? वामन, ताम्हनात चतुराच लिही."

अशी मी चतुरा राहिले. पाठवणीच्या वेळी मी काकांच्या कानात विचारलं, "आणि तो कागद?" काका म्हणाले, "त्यांना वाचता येत न्हाई. गेला असेल चुलीत."

पण काकांचं काहीतरी बिनसलं ते बिनसलंच. पुढं कुणी नावं घेऊन आलं की म्हणायचे, "वृत्त रुसलंय माझ्यावर." काकूनं मला सांगितलं, ओट्यावरच्या वाट्या त्यांनी फळीवर ठेवून दिल्या. आयुष्यभर एक आखूड-लांब चुकवलं न्हाई त्या माणसानं, आणि भर मांडवात चुकवलं. मी माहेरी गेले की म्हणायची, "काका, एक चरण तरी रचा." ते हसायचे आणि विषय बदलायचे. माझं नाव वाचलं आणि त्यांचं गाणं गेलं, ह्याचं मला आत फार लागायचं.

सात वर्षं गेली. दोन पोरांच्या पाठीवर मला मुलगी झाली. बारशाला काका-काकू बदनापूरला आल्ते. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, आणि सासूबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितलं. सरोजिनी.

काका भिंतीला टेकून बसले होते, ते एकदम आखडले. सासूबाई वळल्या.

"काय व्याहीबुवा? आता तरी बसेल का वृत्तात?"

आणि त्या माउलीनं खड्या आवाजात सुरू केलं, "शोभे आज सरोजिनी सुवदना..." यतीला थांबल्या. बराबर बाराव्याशी. मंग पुढचं, मंग पुढचे तिन्ही चरण, एक अक्षर न चुकवता.

काकांचं तोंड पांढरंफटक. "तुम्हाला... तो कागद..."

"वाचता न्हाई आलं म्हणून काय कान न्हाईत का मला? ह्यांनी एकदा वाचून दाखवला. असलं काही दोनदा ऐकावं लागतं का?"

"म्हणजे त्या दिवशी मांडवात तुम्हाला माहीत होतं?"

"तर! समोरचा माणूस लटपटत खोटं बोलून राह्यला, ते काय कळत न्हाई होय? राग तर असा आल्ता. पण म्हटलं, एका पोरीच्या नावासाठी कुणी एवढं भ्यालेलं मी पाहिलं नव्हतं." त्यांचा आवाज खाली आला. "माझ्या वेळी कुणी न्हाई भ्यालं."

 सासूबाई पाळण्याची दोरी धरून तशाच बसल्या. मंग माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "द्वारका हे इथलं नाव. म्हायेरी मी झुंबर होते. ते बसतं का गं, तुमच्या त्या वृत्तात?"

मी उठले. घरातून मूठभर जोंधळे आणले, चिंचोके आणले, आणि काकांसमोर ठेवले. काकांचा हात पुढं यायला वेळ लागला. मंग त्यांनी एक चिंचोका ठेवला. एक दाणा. अजून एक दाणा.

"बसतं," काका म्हणाले. "तिसऱ्या जागेवर बसतं, विहीणबाई. खरं सांगतो, ह्या खेपेला खरं."

"मंग म्हणा की."

काकांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, बोटं मांडीवर लांब-आखूड वाजवत होती. सात वर्षांनी तो आवाज लागला, जरा घोगरा, पण मापात:

आली झुंबर ती पुन्हा परतुनी...

आणि यतीला थांबले. पुढचं 'नावासवे अंगणी' यायचं होतं, पण त्या थांब्यातच सासूबाई दोरी सोडून ताठ बसल्या, आणि लहान पोरीसारख्या मोठ्यानं म्हणाल्या, "ओ!"