निळकंठावरचा लॅकर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. खेळण्यातलं तर विमान, त्यात सांगण्यासारखं काय, अशी स्वतःची समजूत घालत आलो.

खामगावात माझं गाड्या रंगवायचं गॅरेज आहे. दुसऱ्याच्या दुकानात सँडपेपर घासत इथवर आलो. भाव करण्यात मला कुणी हरवत नाही. आणि अपमान मी विसरत नाही — हा माझा स्वभाव.

गजानन शाळेपासूनचा दोस्त, चित्रकलेचा मास्तर. रिमोटवर उडणारं विमान आम्ही दोघांनी बांधलं. इंजिन मी मिळवलं, पुण्याच्या माणसाशी आठवडाभर फोनवर घासाघीस करून. गजाननने विमानाच्या अंगावर निळकंठ पक्षी रंगवला. तीन महिने लागले — त्याचा हात थरथरायला लागला होता. हे फक्त मला माहीत होतं.

मग चहाच्या टपरीवर कुणी तरी गजाननला विचारलं, विमान कोणी बनवलं?

"मीच," तो माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "हा काय, नुसता भाव करते बे!"

सगळे हसले. मी कप तसाच ठेवून उठलो.

रंगावर शेवटचा हात मारायचं काम माझ्याकडे होतं. या इंजिनाचं इंधन स्पिरिटासारखं. धुरासोबत त्याचा तेलकट फवारा अंगावर उडतो आणि रंग खातो. म्हणून वरून हार्डनर मिसळलेला क्लिअर, म्हणजे इंधनाला दाद न देणारा पारदर्शक थर, मारावा लागतो. मी हार्डनर नसलेला साधा लॅकर मारला. चुकून? नाही. आधी एका तुकड्यावर लॅकर मारून इंधनाचा थेंब टाकून पाहिला होता — रंग बोटाला आला. तरीही मारला. चमक तेवढीच दिसते.

जलंब रस्त्याच्या मोकळ्या रानात विमान छान उडालं. उतरलं तेव्हा निळकंठ शेपटीपर्यंत ओघळला होता.

"गुरुजी, पाखराले आंघोळ घातली काय?" बघायला जमलेले लोक खिदळले.

गजानन ओला रंग बोटावर घेऊन बघत राहिला. मग हळूच मला म्हणाला, "माह्याच हातानं बिघडलं बे. हे हात आता कामाचे नाही राह्यले."

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. का नाही बोललो? राग तर तिथंच विझला होता — उरली ती भीती.

त्यानंतर त्याने ब्रश धरला नाही. आजही संध्याकाळी गॅरेजवर येऊन बसतो. माझा दोस्त म्हणावा असा तो एकच — आणि तो शेजारी असतानाच मला सगळ्यात एकटं वाटतं. कारण कुणी नवीन माणूस आला, की तो माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतो, "त्या दिवशी सगळे हसले. हा एकटा नाही हसला."

मी त्याला कधी थांबवलेलं नाही.