झोपेतला कुंभक

पित्ताशयातील खडे काढण्याची तारीख ठरली होती. त्यापूर्वी नवीन जालन्यातील रुग्णालयात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासले. त्यांनी टेपने माझ्या मानेचा घेर मोजला, तोंड उघडायला लावून घसा पाहिला आणि विचारले, "काका, श्वास थांबतो का कधी?"

"रोज थांबवतो," मी म्हणालो. "प्रातःसंध्येत प्राणायाम असतो. कुंभकाचा अभ्यास जुना आहे."

"झोपेतला विचारतेय मी."

शेजारी बसलेली सौभाग्यवती उत्साहाने म्हणाली, "झोपेतही करतात की! घोरता घोरता एकदम शांत. मंग मी मनातल्या मनात नमस्कार करते. साधना मोडायला नको म्हणून कूससुद्धा बदलत नाही."

"किती वेळ शांत असतात?"

"माझे जपमाळेचे वीस-बावीस मणी ओढून होतात."

बाईंनी पेन खाली ठेवले. "काकू, ती साधना नाही. त्यांचा घसा मिटतो आणि श्वास अडकतो. भुलीनंतर असं झालं तर जिवावर बेतेल. आधी झोपेची तपासणी, मगच ऑपरेशन."

कुंभकात श्वास रोखणारा मी असतो आणि सोडणाराही मीच. येथे तर मी घरी नसताना कोणी दार लावून घेत होते. ते आजवर प्रत्येक वेळी उघडले, ही केवळ कृपा. बस धरून आम्ही घरी, घनसावंगीला परतलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तंत्रज्ञ यंत्र घेऊन घरी आला. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी. जाताना त्याने बजावले, "काकू, श्वास थांबला तरी बिलकुल हलवायचं न्हाई. मशीन लिहून घेतं."

यंत्र परत गेल्यावर त्याचा फोन आला. "काका, रिपोर्ट बराबर आला न्हाई. सारखे जागे होऊन राह्यले तुम्ही."

मी सौभाग्यवतीकडे पाहिले.

"हलवलं नाही हो मी," ती म्हणाली. "चिमटे काढले."

मला हसू आले. तिचे डोळे मात्र भरले होते. "इतकी वर्षं नुसती हात जोडून बसले. आता कळल्यावर कसं बसू?"

तपासणी पुन्हा करावी लागली. या वेळी तिने शेजारच्या खोलीत झोपावे, असे ठरले. पट्टा बांधून मी आडवा झालो. देह अनित्य आहे, असे मी प्रवचनांतून किती जणांना शांतपणे सांगितले होते! आता तेच वाक्य मनात आणू पाहिले आणि निम्म्यातच सोडून दिले. डोळे मिटण्याचे धैर्य होईना.

"जागी आहेस ना?" मी विचारले.

"आहे. तुम्ही झोपा."

"आणि थांबला तर?"

भिंतीपलीकडे माळेच्या मण्यांचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, "आज थांबू द्यायचाय."